फळ्यावरची नजर

माझ्या मुलानं आमच्या घरची नजर शाळेच्या फळ्यावर काढली, आणि हे मला त्याच्या तोंडून नाही, इंदूच्या तोंडून कळलं. इंदू आमच्या गणपतीच्या कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून राहते. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी सकाळी दारात उभी राहून म्हणाली, द्वारकाकाकी, तुमच्या दिगूनं काल आठवीच्या पोरांना गणपतीचा डोळा शिकवला म्हणे, आमच्या बंटीनं वहीत काढून आणलाय, अगदी तुमच्याकडचा.

मी शाडू मळत होते. हात तिथंच थांबले.

याला आता सतरा वर्षं झाली. तरी त्या सकाळचा राग मला आठवतो, कारण तसा राग नंतर मला कधी आला नाही.

ज्यानं पेणमध्ये घर केलं नाही त्याला हे समजायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे दर चार घरांमागे एका घरात गणपती घडतो. अंग साच्यातून निघतं, आणि साचा कुणालाही मिळतो. रंग दुकानात मिळतो. नजर मात्र ज्याची त्याची. पलीकडच्या कारखान्यातल्या टेमकरांचा गणपती समोर बघतो, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा. आमचा जरासा खाली बघतो. आरतीचं ताट धरणाऱ्याकडे नाही, त्याच्या पायाशी बसलेल्या लेकराकडे. हे माझ्या सासऱ्यांनी काढलं, त्यांच्याकडून माझ्या यजमानांकडे आलं. जुनी गिऱ्हाइकं फळीवरच्या पन्नास मूर्तींतून आमची मूर्ती न विचारता उचलायची.

यजमानांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. दिगंबर आमचा एकुलता एक. मुंबईला चित्रकला शिकून आला, मोठा चित्रकार व्हायचं म्हणत होता, आणि गावच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला. मला तेही चाललं असतं. शाळा सुटली की घरी येऊन बापाच्या पाटावर बसायचं, एवढंच माझं मागणं होतं. बाप गेल्यावर दोन हंगाम बसलाही. तिसऱ्या वर्षी श्रावणात ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला, आई, हात जात नाही. मी म्हटलं, जात नाही म्हणजे काय, हात आहे की गोठ्यातली म्हैस. त्यावर काही बोलला नाही. दिगू लहानपणापासून गप्प राहून जिंकतो.

मग आम्ही बाहेरचा आखणीवाला लावला. आखणी म्हणजे डोळे रेखणं. माणूस वाईट नव्हता, पण तो तीन कारखान्यांचे डोळे काढायचा आणि तिन्हीकडे एकच काढायचा. रोह्याच्या एक बाई तीस वर्षं आमच्याकडून मूर्ती न्यायच्या. त्या वर्षी मूर्ती हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, यंदा देव आमच्याकडे बघत नाही हो. मूर्ती नेली त्यांनी. पुढच्या वर्षी आल्या नाहीत.

त्यानंतर मी दिगूला सांगून टाकलं होतं. या भाद्रपदात डोळे तू काढायचे. शाळा सोडावी लागली तर सोड. नाहीतर चतुर्थी झाली की सगळे साचे मी माझ्या हातानं फोडीन, मग घरात मास्तरकीच करत बस. सून सुलभा तिथंच उभी होती, तिचा चेहरा उतरला. दिगूनं जेवणाचं ताट उचलून मोरीत ठेवलं आणि वह्या तपासायला बसला. ही गोष्ट आषाढातली. आणि आठ दिवसांत इंदू माझ्या दारात.

म्हणजे घरी हात जात नाही, आणि चाळीस पोरांपुढे जातो. आठवीत टेमकरांची मयुरी होती हे मला ठाऊक होतं. बापाची ठेव फळ्यावर मांडली आणि वैऱ्याच्या पोरीला म्हणाला, घे.

मी हात धुतले, एक फडकं ओलं करून पिळलं, पदराखाली धरलं आणि निघाले. फडकं कशासाठी ते मला चांगलं माहीत होतं. तो फळा मी पुसणार होते, पोरांसमोर, त्याच्यासमोर.

दिगू त्या शाळेत अकरा वर्षं होता, पण मी कधी आत गेले नव्हते. मी स्वतः दुसरीत शाळेची पायरी उतरले, ती पुन्हा कुठल्याच शाळेची चढले नव्हते. फाटकाशी शिपायानं अडवलं. आजी, कुणाला भेटायचंय, म्हणाला. मी म्हटलं, फळ्याला. तो हसला नाही, बाजूला झाला.

आठवीचा वर्ग टोकाला होता. मागचं दार उघडं. मी चौकटीशी उभी राहिले आणि आत बघितलं.

फळा कोरा होता. मला वाटलं, माझ्या आधीच कुणीतरी काम केलं. तेवढ्यात दिगूनं खडू उचलला. काल एका तुकडीला शिकवलं होतं, आज दुसऱ्या तुकडीला शिकवत होता. पोरांना म्हणाला, हात खाली ठेवा, वह्या मिटा, आधी फक्त बघा.

आणि त्यानं खालची कड ओढली.

खालची. होडीच्या तळासारखी एक रेघ, डावीकडून निघाली, मध्ये जरा पोटात बसली आणि उजवीकडे वर गेली. मग तो थांबला. खांदे खाली आले. मग वरची कड, ती खालचीपेक्षा लांब, शेवटाला खालचीवर टेकलेली, दमलेल्या माणसानं हात टेकावा तशी. मग पुन्हा थांबला. बुबुळ सगळ्यात शेवटी. अर्धं वरच्या पापणीखाली दडलेलं, खालच्या कडेला किंचित चिकटलेलं. ते चिकटलं आणि नजर खाली आली.



पहिल्या बाकावरून एका पोरीनं विचारलं, "सर, खालची आधी का? आमच्याकडे वरची आधी काढतात."

आमच्याकडे म्हटल्यावर मी ओळखलं. हीच टेमकरांची.

दिगू म्हणाला, "वरची आधी काढलीस तर डोळा उघडतो. खालची आधी काढलीस तर डोळा जागा होतो. दोन्ही करून बघ. तुला कुठला हवा ते तू ठरव."

मागच्या बाकावरचा एक पोरगा वही वर धरून म्हणाला, सर, माझा रागावलाय. दिगू म्हणाला, त्याचा मोदक खाल्ला असशील. वर्ग हसला. दिगू बाकांमधून फिरायला लागला. कुणाच्याच हाताला हात लावत नव्हता. मागे उभा राहायचा, हात पाठीशी बांधलेले, आणि हळूच काहीतरी सांगायचा. पोरगं खोडायचं, पुन्हा काढायचं. घरात मी ज्याला घुमा म्हणते तो हा माणूस. इथं त्याच्या तोंडाला खंड नव्हता.

मी पदराखालचं फडकं घट्ट धरून उभी. मला एवढंच दिसत होतं, की फळ्यावर यजमान बसले आहेत.

तेवढ्यात घंटा झाली. पुढचा तास गणिताचा असावा, कारण हातात मोठी पट्टी घेतलेल्या एक बाई पुढच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, सर, फळा मिळेल का. दिगूनं हो म्हटलं आणि डस्टर उचललं.

"थांब," मी म्हणाले.

सगळा वर्ग मागे वळला. दिगूनं मला बघितलं. त्या बाईंनीही बघितलं, लुगड्यावर शाडू वाळलेली म्हातारी, पदराखाली काहीतरी लपवलेली. पोरांना वाटलं असेल चोरटी शिरली.  दिगू वळला आणि त्यानं फळा पुसून टाकला. डावा डोळा, उजवा डोळा, भुवया. डस्टर आपटून त्यातली पूड झाडली, ते बाईंच्या हातात दिलं आणि माझ्याकडे आला.

जे करायला मी आले होते ते त्यानंच केलं. आणि मला वाटलं कुणी माझ्या मांडीवरचं पोर ओढून नेलं.

तो मला मागच्या अंगाला एका खोलीत घेऊन गेला. चित्रकलेची खोली म्हणायची, पण अर्धी खोली मोडक्या बाकांनी भरलेली. एका भिंतीला लहान फळा, दुसऱ्या भिंतीला टेकवून ठेवलेलं एक मोठं चित्र. आमची खाडी होती. भरतीचं पाणी, मिठागरांचे बांध, आणि वर नुसतं पांढरं.

"बस," तो म्हणाला. बसायला बाक होता, मी उभीच राहिले.

"पुसताना तुला काही वाटलं नाही?" मी विचारलं.

"रोज पुसतो. आठवड्यातून चार वर्गांना काढतो आणि चार वेळा पुसतो."

"आणि घरी हात जात नाही."

"घरी नाही जात."

मग तो बोलला. इतकं सलग तो माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हता. म्हणाला, बाबांच्या पाटावर बसलो की मी बाबांची नक्कल करायचो, एका हंगामात तीनशे वेळा, आणि तीनशेव्या मूर्तीला कळायचं की हा डोळा बाबांचाही नाही आणि माझाही नाही. म्हणून सोडलं. शाळेत लागलो तेव्हाच वाटलं होतं, शाळा पोटासाठी करू, संध्याकाळी स्वतःचं काढू. पण दिवसभर पोरांची फळं आणि पानं सुधारून आलो की हातात ब्रश धरला तरी खडूच धरल्यासारखं वाटतं. ती संध्याकाळ अकरा वर्षांत कधी आलीच नाही, आई. हे चित्र तीन वर्षं असंच आहे.

मी चित्राकडे बघितलं. 

तो पुढे म्हणाला, मागच्या महिन्यात वर्गात एका पोरानं विचारलं, सर, तुमच्याकडचा गणपती खाली का बघतो. मला सांगता येईना. बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी हात धरून गिरवून घेतलं, तोंडानं एक शब्द नाही. म्हणून मी फळ्यावर काढून शोधायला लागलो. पोरांसमोरच. पंधरा वीसदा चुकलो. खालची कड आधी हे मला हाताला माहीत होतं, मला स्वतःला नव्हतं. बाबा दोन रेघांच्या मध्ये श्वास सोडायचे, ते मला त्या वर्गात आठवलं. शिकवायला लागलो तेव्हा ती नजर मला मिळाली, त्याआधी ती माझ्याकडे नव्हतीच.

"आणि टेमकरांची पोर?" मी म्हणाले. "तिला तू देऊन बसलास."

"तिला आपली येत नाही. तिनं आज काढली ती तिची होती. उद्या बघ हवी तर."

मी बाकावर बसले. 

"दिगू," मी म्हटलं, "मी ती आज पहिल्यांदा बघितली."

"काय?"

"होताना. नजर होताना."

त्याला समजलं नाही. त्याला कसं समजणार. माझ्या सासऱ्यांचा नियम होता, आखणीच्या वेळी मधल्या दाराला चादर लावायची आणि बाईनं आत यायचं नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सासरे गेले तरी चादर राहिली. यजमान गेले, दिगू बसला, तेव्हाही सुलभेनं चादर लावली, मीच तिला लावायला सांगितली. मी शाडू मळायची, साचे भरायची, सोंडेला पाणी लावून गुळगुळीत करायची, पितांबराला रंग द्यायची, दागिन्यांना सोनेरी लावायची. बेचाळीस वर्षं. मूर्ती चादरीआड आंधळी जायची आणि बघत बाहेर यायची. मधे काय होतं ते मला माहीत नव्हतं.

हे मी त्याला सांगितलं. आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. साच्यातून काढलेली ओली मूर्ती बूड साफ करायला उलटी करतात. मी ती उलटी केली की बुडाच्या ओल्या मातीत काडीनं एक डोळा ओढायची. घाईघाईत, कुणी यायच्या आत. मग अंगठ्यानं पुसायची. लग्न होऊन आले त्या वर्षी सुरू केलं. एकदाही बरोबर आला नाही. मी नेहमी वरची कड आधी काढायची ना.

दिगू माझ्याकडे बघत होता. पलीकडे कुठल्या तरी वर्गात पाढे चालले होते.

"मला कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

तो उठला, लहान फळ्यापाशी गेला आणि खडूचा तुकडा माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, वेडा आहेस काय, माझी बोटं बघ, सांधे सुजलेत, कारखान्यात माती मळायची पडलीय. तो खडू धरून तसाच उभा राहिला. म्हटलं ना, गप्प राहून जिंकतो.

मी खडू घेतला. फळ्यावर काढायचं म्हणजे हात खांद्यापासून हलवावा लागतो, मातीसारखा मनगटातून नाही. पहिली रेघ सापासारखी गेली. मी म्हटलं, झालं समाधान. तो माझ्या मागे हात पाठीशी बांधून उभा राहिला, पोरांच्या मागे राहतो तसा, आणि म्हणाला, पुन्हा. दुसरी जरा बरी. तिसरीला मी खालची कड ओढली आणि लगेच वरचीकडे निघाले.

"थांब," तो म्हणाला. "श्वास सोड. मग."

मी श्वास सोडला. आता सांगताना हसू येईल, पण तो श्वास माझ्या आत बेचाळीस वर्षं होता. वरची कड ओढली, शेवटाला टेकवली. बुबुळ काढलं, खालच्या कडेला चिकटवलं. मग उजवा डोळा. मग भुवया.

मागे सरून बघितलं. डोळे माझ्याकडे बघत नव्हते. खाली, माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर बघत होते, जसं कुणी लेकरू तिथं बसलं आहे.

यजमानांचे नव्हते ते. यजमानांची पापणी नाजूक असायची. ही जरा जड होती, दुपारी पोराला निजवता निजवता आईची होते तशी. पण घर तेच होतं. मला वाटलं आत्ता कुणी चादर बाजूला करून विचारेल, तू इथं काय करतेस. कुणी आलं नाही. आणि ज्यानं यायला हवं होतं, ज्याला हे दाखवायला हवं होतं, ते माणूस पाच वर्षांपूर्वीच गेलं होतं. ते असताना मी चादर एकदा हातानं सारली असती तर त्यांनी काय केलं असतं, हे मला आजही कळत नाही. कदाचित बस म्हणाले असते. ते कदाचितच मला जास्त छळतं.

दिगूनं जवळ जाऊन डोळे बघितले. मग म्हणाला, "डावी भुवई जाड झालीय."

"दिसते मला," मी म्हटलं.

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि पोरं धावत सुटली. दिगूला पुढचा तास होता, तो वह्या गोळा करायला लागला, पण त्याचं लक्ष माझ्यात होतं. मी काय म्हणते याची वाट बघत होता. साचे फोडणार की नाही, शाळा सोडायची की नाही. आठ दिवसांत त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. मी पदराखालचं फडकं काढलं. ते वाळून गेलं होतं. त्याच फडक्यानं मी माझ्या हाताचा खडू पुसला आणि फळा होता तसा ठेवला.

दारापर्यंत गेले आणि वळले.

"दिगू, ऐक. तुझा बाप कारागीर होता, त्याला शिकवता आलं नाही. तू मास्तर आहेस, आणि चांगला आहेस. कारागीर म्हणून तुझी वाट बघणं मी आजपासून सोडलं. शाळा सोडायची नाही. यंदाचे डोळे मी काढीन, तू मागे उभा राहून चुका सांगायच्या. आणि संध्याकाळी वह्या घरी आणायच्या नाहीत, इथं बसून ती खाडी पुरी करायची. पाणी तुला जमलंय. आभाळाला मात्र तू भितोस."